औषधविक्री केंद्रातील कर्मचाऱ्यांचा कोविड संसर्ग व स्वविलगीकरण : नियोजनाची दिशा

ज्वर, प्रतिश्याय अथवा कास यांपैकी कोणतेही लक्षण दिसू लागले की सामान्य मनुष्य वैद्याकडे किंवा डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी बहुधा औषधाच्या दुकानात जातो. समाजात एखादा श्वसनमार्गाचा संसर्ग पसरत असेल, तर त्याचे पहिले रुग्ण औषधविक्रेत्यासमोरच उभे राहतात. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, त्या वेळीही औषधाची दुकाने अत्यावश्यक सेवा म्हणून उघडी राहिली. त्या काळात ग्राहकापासून विक्रेत्याचे रक्षण कसे करावे याविषयी पुष्कळ सांगितले गेले. काउंटरपुढे दोरी बांधणे, काचेचा पडदा लावणे, जमिनीवर वर्तुळे आखणे हे उपाय सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु दुकानातील कर्मचारीच बाधित झाला तर काय करावे, याचा विचार त्या मानाने फार थोडा झाला. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा ऊहापोह केला आहे. आपल्या संघटनेतील अनेक वैद्य स्वतःचे औषधालय चालवितात आणि अनेक वाचक औषध दुकानांचे मालक आहेत. दोघांनाही हा विषय सारखाच लागू पडतो.

हा विषय आज कशासाठी?

आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालील केंद्रीय निर्बंध ३१ मार्च २०२२ रोजी संपले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. याचा अर्थ व्याधी संपली असा नव्हे. मे-जून २०२५ मध्ये देशात रुग्णसंख्या पुन्हा वाढलेली आपण पाहिली. फरक इतकाच की, पूर्वी बाधित व्यक्तीने किती दिवस घरी राहावे हे शासन ठरवीत होते. आता त्या काळची सक्ती राहिलेली नाही, त्यामुळे तो निर्णय दुकानाच्या मालकाला घ्यावा लागतो. मालकाने काहीच ठरविले नसेल तर तो निर्णय प्रत्यक्षात तापलेल्या अंगाने कामावर आलेला मदतनीस घेतो, आणि तो बहुधा काम करीत राहण्याचाच असतो.

या लेखातील मुख्य प्रतिपादन आरंभीच सांगणे इष्ट होईल. ज्या दुकानात कर्मचारी पहिल्या लक्षणाच्या दिवशीच निर्भयपणे सांगतो, त्या दुकानात संसर्ग बहुधा एकावरच थांबतो. जेथे तो लक्षण लपवितो तेथे आठवड्याभरात शटर खाली ओढण्याची वेळ येऊ शकते. तो सांगेल की लपवील, हे मुख्यतः त्याच्या पगारावर आणि मालकावरील विश्वासावर अवलंबून असते. जंतुनाशकाची फवारणी त्यानंतरची गोष्ट होय.

शास्त्राधार

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, कुष्ठनिदानाच्या अध्यायात, औपसर्गिक रोग एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे कसे संक्रमित होतात याचे मार्ग सांगितले आहेत. निकट सहवास, अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकाच शय्येवर वा आसनावर बसणे-झोपणे आणि दुसऱ्याची वस्त्रे, माळा व लेप वापरणे असे ते मार्ग होत. असे संक्रमित होणाऱ्या व्याधींत ज्वराचा स्पष्ट उल्लेख आहे.

ही यादी समोर ठेवून आपल्या दुकानाकडे पाहावे. काउंटरवर ग्राहक दोन-तीन मिनिटे उभा राहतो आणि निघून जातो. याउलट मागील खोलीत अथवा पोटमाळ्यावर तीन-चार माणसे मास्क काढून, डबे उघडून, अर्धा तास गुडघ्याला गुडघा लावून जेवतात. तेथे खिडकी नसते. निकट सहवास, निःश्वास, सहभोजन आणि सहासन हे चारही मार्ग त्या एका खोलीत एकत्र येतात. विषाणू मुख्यतः श्वासावाटे बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांतून पसरतो आणि कोंदट जागेत त्या कणांचा संचय होतो, हे आधुनिक संशोधनाने आता निःसंशय दाखविले आहे. म्हणून दुकानातील सर्वांत धोक्याची जागा काउंटर नसून जेवणाची खोली आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

येथे एक सूचना आवश्यक आहे. भिंतीवर बसविलेले वातानुकूलन यंत्र खोलीतीलच हवा थंड करून पुन्हा फिरविते, बाहेरची ताजी हवा आत आणीत नाही. मागील खोलीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसविणे आणि पुढचे दार उघडे ठेवणे, हा खर्चाने लहान पण परिणामाने मोठा उपाय आहे.

दोन संज्ञा

अलगीकरण आणि विलगीकरण हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरले गेले, त्यामुळे गोंधळ होतो. या लेखापुरता अर्थ असा : बाधित अथवा लक्षणयुक्त व्यक्तीने इतरांपासून दूर राहणे म्हणजे विलगीकरण. बाधिताच्या निकट संपर्कात आलेल्या, पण अद्याप लक्षणे नसलेल्या व्यक्तीने काही काळ दूर राहणे म्हणजे अलगीकरण. कोणी न सांगता, लक्षण दिसताच व्यक्तीने स्वतः होऊन दूर होणे म्हणजे स्वविलगीकरण. दुकानाच्या दृष्टीने या तिसऱ्याचे मोल सर्वाधिक आहे. कारण बाधित व्यक्ती लक्षणे सुरू होण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासून संसर्ग पसरवू शकते आणि लक्षणांनंतरचे पहिले काही दिवस संसर्गाचा जोर सर्वाधिक असतो. तपासणीचा अहवाल येईपर्यंत वाट पाहिली तर नेमके हेच दिवस दुकानात जातात.

किती दिवस?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या गृहविलगीकरणाच्या सूचना वेळोवेळी बदलत गेल्या. मे २०२० मध्ये लक्षणे सुरू झाल्यापासून १७ दिवसांनी आणि सलग १० दिवस ज्वर नसल्यास विलगीकरण संपे. एप्रिल २०२१ च्या सूचनेत हा काळ किमान १० दिवस व शेवटचे ३ दिवस ज्वररहित असा झाला. ५ जानेवारी २०२२ च्या सूचनेनुसार तो तपासणी बाधित आल्यापासून किमान ७ दिवस आणि सलग ३ दिवस ज्वररहित असा ठरला. त्यानंतरही मास्क वापरीत राहावे असे त्यात सांगितले होते.

औषधाच्या दुकानात वृद्ध, मधुमेही, गर्भिणी आणि कर्करोगाचे उपचार घेणारे रुग्ण सतत येतात. म्हणून २०२२ चा सात दिवसांचा नियम आपल्या दुकानाचे अंतर्गत धोरण म्हणून स्वीकारणे श्रेयस्कर ठरेल. त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. पहिली, तपासणी झाली नसेल तर लक्षण सुरू झाल्याचा दिवस शून्य धरून पुढे सात दिवस मोजावेत. दुसरी, ज्वररहित दिवस हे पॅरासिटामॉल वा अन्य ज्वरघ्न औषधाशिवायचे असावेत. गोळी घेऊन उतरलेला ताप हा उतरलेला ताप नव्हे. कामावर परतल्यावर दहाव्या दिवसापर्यंत मास्क वापरावा आणि डबा स्वतंत्र जागी खावा.

घरच्या घरी करावयाच्या तपासणी संचांना आपल्या देशात मे २०२१ पासून मान्यता मिळाली. तो संच उपयुक्त आहे, परंतु त्याचा निष्कर्ष एकाच दिशेने निर्णायक मानावा. लक्षणे असताना तपासणी बाधित आली तर संशय उरत नाही. मात्र ती अबाधित आली तर संसर्ग नाहीच असे म्हणता येत नाही. अशा वेळी आरटी-पीसीआर तपासणी करावी, अथवा एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासावे. तोपर्यंत कर्मचाऱ्याने घरीच थांबावे. शिवाय तो ज्वर इन्फ्लुएन्झाचा असला तरी ग्राहकाला तो देणे योग्य नाहीच, म्हणून हा नियम ज्वरासह येणाऱ्या प्रत्येक कास-प्रतिश्यायाला लावावा. पावसाळ्यात डेंग्यू व हिवताप यांचाही विचार चिकित्सकाने करावा.

पहिल्या दिवशी करावयाच्या गोष्टी

१) कर्मचाऱ्याने दुकानात न येता दूरध्वनीवरून कळवावे. कामावर असताना लक्षण जाणवल्यास मास्क न काढता लगेच घरी जावे. «हातातले काम संपवून जा» असे मालकाने म्हणू नये.

२) मागील दोन दिवसांत त्याच्यासोबत कोण जेवले, मागील खोलीत कोण बसले, दुचाकीवर मागे कोण बसले, याची त्याच दिवशी नोंद करावी. दोन दिवसांनी विचारल्यास कोणाला काही आठवत नाही.

३) खोली मोकळी करून दारे-खिडक्या उघडाव्यात, पंखा चालू ठेवावा. काउंटर, संगणकाचा कळफलक, गल्ल्याचा खण, शटरची मूठ आणि दूरध्वनी पुसून घ्यावेत. कठीण पृष्ठभागांसाठी एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट आणि विद्युत उपकरणांसाठी ७० टक्के अल्कोहोल वापरावे. या साफसफाईसाठी दिवसभर दुकान बंद ठेवण्याची गरज नाही.

४) कर्मचाऱ्याच्या घरी कोण आहे हे विचारावे. एका खोलीत पाच माणसे राहत असतील तर विलगीकरण कागदावरच राहते. अशा वेळी त्याच्या राहण्याची सोय करण्यास मालकाने जमेल तेवढे साहाय्य करावे.

संपर्कातील इतर कर्मचारी

एक बाधित झाला म्हणून सर्वांना घरी पाठविल्यास दुकान बंद पडते, आणि कोणालाच न पाठविल्यास संसर्गाची साखळी चालू राहते. यातून मार्ग काढण्यासाठी निकट संपर्क म्हणजे काय हे ठरवून घ्यावे. मास्कशिवाय, साधारण एक मीटरच्या आत, पंधरा मिनिटे वा अधिक काळ सहवास झाला असेल तो निकट संपर्क. असा संपर्क झालेल्यांपैकी ज्याला लक्षणे नाहीत त्याने दहा दिवस मास्क लावून काम करावे, रोज सकाळी निघण्यापूर्वी ताप मोजावा, इतरांसोबत जेवू नये आणि किंचित लक्षण दिसताच घरी थांबावे. शक्य असल्यास पाच दिवसांच्या सुमारास एकदा तपासणी करावी. ज्यांच्या घरातच बाधित व्यक्ती आहे त्यांना मात्र काउंटरवर न ठेवता घरून करण्याजोगे काम, उदाहरणार्थ मागणीची यादी करणे वा ग्राहकांना दूरध्वनी करणे, सोपवावे.

साथ वाढत असताना याहून परिणामकारक उपाय म्हणजे कर्मचाऱ्यांच्या दोन तुकड्या करणे. सकाळची व सायंकाळची तुकडी स्वतंत्र ठेवावी. त्यांच्या वेळांत अर्ध्या तासाचे अंतर असावे, हिशेब व सूचना वहीत लिहून द्याव्यात आणि दोन तुकड्यांनी एकत्र जेवू नये. एक तुकडी बाधित झाली तरी दुसरी दुकान चालवू शकते. दोन फार्मासिस्ट असतील तर ते एकाच तुकडीत कदापि नसावेत.

नोंदणीकृत फार्मासिस्ट आजारी पडल्यास

येथे आपल्या व्यवसायातील खरी अडचण उभी राहते. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील १९४५ च्या नियमांपैकी नियम ६५ नुसार, चिकित्सकाच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच अथवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यावे लागते. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ चा आशयही तोच आहे. फार्मासिस्ट घरी विलगीकरणात आहे आणि दूरध्वनीवरून मदतनिसाला सूचना देत आहे, ही प्रत्यक्ष देखरेख होत नाही. मदतनीस दहा वर्षांचा अनुभवी असला तरी नियम बदलत नाही, आणि हा नियम रुग्णाच्या हिताचाच आहे. नावात एका अक्षराचा फरक असलेल्या दोन औषधांची अदलाबदल नेमकी अशा धावपळीच्या दिवसांत होते.

म्हणून एकच फार्मासिस्ट असलेल्या दुकानाने साथ येण्यापूर्वीच व्यवस्था करून ठेवावी. परिसरातील निवृत्त वा अंशकालीन नोंदणीकृत फार्मासिस्टशी आधी बोलणे करून, मोबदला ठरवून, त्याच्या नोंदणीची प्रत घेऊन ठेवावी. बदली फार्मासिस्टविषयी काय कळवावे लागते हे अन्न व औषध प्रशासनाच्या स्थानिक कार्यालयातून अगोदरच विचारून घ्यावे. बदली न मिळाल्यास चिठ्ठीवरील औषधांची विक्री थांबवावी आणि नेहमीच्या रुग्णांना जवळच्या दुसऱ्या दुकानाकडे पाठवावे. रक्तदाब, मधुमेह, अपस्मार आणि हृद्रोग यांची औषधे नियमित घेणाऱ्यांची यादी तयार असल्यास त्यांना आधीच कळविता येते. शेजारचा दुकानदार स्पर्धक असला तरी अशा प्रसंगी परस्पर सहकार्याचा करार दोघांनाही तारतो.

दुकान बंद ठेवावे लागल्यास शीतकपाट विसरू नये. इन्सुलिन व काही लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. कुलूपबंद दुकानात वीज गेल्याचे कोणाला कळतही नाही. दुसरी किल्ली कोणाकडे असेल आणि रोज तापमान कोण पाहील, हे लिहून ठेवावे. अनुसूची एच-१ मधील औषधांची स्वतंत्र नोंदवही बदली फार्मासिस्टला प्रथमदिवशीच दाखवावी, म्हणजे नोंदीत खंड पडणार नाही.

आयुर्वेदीय औषधांच्या केवळ विक्रीसाठी ॲलोपॅथिक औषधांप्रमाणे परवाना लागत नाही, त्यामुळे केवळ आयुर्वेदीय औषधे ठेवणाऱ्या दुकानांपुढे ही कायदेशीर अडचण त्या स्वरूपात येत नाही. तथापि तेथे दुसरी जबाबदारी येते. पुड्या बांधणारा, काढा उकळणारा, भस्म-रसकल्प मोजून देणारा माणूस एकच असतो. तो आजारी पडला तर रसौषधींचे माप अननुभवी हातात जाऊ देऊ नये. तसेच अभ्यंग, स्वेदन, नस्य यांत परिचारकाचा रुग्णाशी दीर्घ व निकट स्पर्श घडतो. परिचारकाला लक्षणे असल्यास पंचकर्म पुढे ढकलावे, बदली म्हणून अर्धशिक्षित मनुष्य उभा करू नये.

पगाराचा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. औषध दुकानातील मदतनीस वा घरपोच औषधे पोहोचविणारा मुलगा सात दिवस घरी बसला आणि त्याचे सात दिवसांचे पैसे कापले गेले, तर पुढच्या वेळी तो ताप आल्याचे सांगणार नाही. दुकानात गोळ्या त्याच्या हाताशीच असतात. तो एक गोळी घेईल आणि काउंटरवर उभा राहील. या कृतीला बेजबाबदारपणा म्हणणे सोपे आहे, परंतु ज्याच्या घरचे भाडे थकले आहे त्याच्यापुढे आपण दुसरा पर्याय ठेवलेला नसतो.

कर्मचारी राज्य विमा योजनेत ज्यांची नोंद आहे त्यांना आजारपणात, अंशदानाच्या अटी पूर्ण होत असल्यास, वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत लाभ मिळू शकतो. ज्यांच्याकडे अशी नोंद आहे त्यांनी तो लाभ कर्मचाऱ्यास मिळवून द्यावा. परंतु तीन-चार माणसांवर चालणारी आपली बहुसंख्य दुकाने या योजनेच्या आणि दुकाने व आस्थापना कायद्यातील रजेच्या तरतुदींच्या कक्षेबाहेर राहतात. तेथे मालकाचा शब्द हाच नियम असतो.

उदाहरणादाखल हिशेब करून पाहू. मासिक १५,००० रुपये पगार असलेल्या कर्मचाऱ्याचा सात दिवसांचा पगार ३,५०० रुपये होतो. तो वाचविण्याच्या प्रयत्नात फार्मासिस्टसह तिघे बाधित झाले आणि दुकान पाच दिवस बंद राहिले, तर होणारे नुकसान त्याच्या कितीतरी पट असते, हे प्रत्येक दुकानदार आपल्या रोजच्या गल्ल्यावरून सहज ताडू शकेल. पुन्हा एकदा दुसऱ्या दुकानाकडे वळलेला ग्राहक परत येईलच असे नाही. म्हणून वर्षाला सात ते दहा दिवसांची सवेतन आजारपणाची रजा ही दयाबुद्धीने दिलेली देणगी मानू नये. पंखा वा शीतकपाटाप्रमाणे ती व्यवसायाच्या खर्चातील एक बाब मानावी, आणि कर्मचाऱ्यास ती लेखी द्यावी. रजेचा गैरवापर होईल अशी शंका घेतली जाते. एखादा तसे करीलही, पण त्याची किंमत एका लपविलेल्या तापाहून कमीच असेल.

गोपनीयता

बाधिताचे नाव ग्राहकांना सांगू नये, दुकानावर फलकही लावू नये. बाधितांच्या घराबाहेर फलक चिकटविण्याच्या प्रथेबाबत सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२० रोजी, सक्षम प्राधिकाऱ्याचा विशिष्ट आदेश असल्याशिवाय असे फलक लावू नयेत, असे स्पष्ट केले होते. त्यामागील तत्त्व दुकानालाही लागू पडते. एकाचे नाव चघळले गेले की दुसरा कधीच तोंड उघडत नाही. सहकाऱ्यांना फक्त संपर्काची माहिती द्यावी.

औषधयोजना आणि पुनरागमन

विलगीकरणातील कर्मचाऱ्याची चिकित्सा प्रकृती, बल, अग्नी व दोषावस्था पाहून वैद्याने करावी. आयुष मंत्रालयाने ६ ऑक्टोबर २०२० रोजी प्रसृत केलेल्या राष्ट्रीय चिकित्सा संहितेत अश्वगंधा, गुडूची, पिप्पली, आयुष-६४ इत्यादींचा समावेश आहे. परंतु दोन पथ्ये पाळावीत. पहिले, कोणत्याही रसायनाने वा काढ्याने विलगीकरणाचा काळ कमी होत नाही. «काढा चालू आहे, मग कामावर येऊ द्या» हा युक्तिवाद मान्य करू नये. दुसरे, सर्वांना एकच तीक्ष्णोष्ण काढा देऊ नये, पित्तप्रकृतीच्या व्यक्तीत त्याने दाह व अम्लपित्त वाढते.

रोज किमान दोनदा दूरध्वनीवरून विचारपूस करावी. ज्वर १०० अंश फॅरनहाइटच्या वर तीन दिवसांहून अधिक राहिला, श्वास लागू लागला, ऑक्सिजनचे प्रमाण तासाभरात तीन वेळा मोजून ९३ वा त्याखाली आले, छातीत सतत वेदना वा दाब जाणवला अथवा मनाचा गोंधळ उडाला, तर घरी न थांबता तत्काळ रुग्णालयात न्यावे. येथे कोणत्याही पॅथीचा अभिमान आड येऊ देऊ नये.

परतताना अबाधित असल्याचा आरटी-पीसीआर अहवाल मागू नये. संसर्गक्षमता संपल्यावरही ही तपासणी कित्येक दिवस बाधित दाखवू शकते, म्हणूनच विलगीकरण संपताना पुनर्तपासणीची गरज नसल्याचे केंद्राच्या सूचनांतही म्हटले होते. आलेला माणूस क्षीणबल असतो हे लक्षात घेऊन पहिला आठवडा खोकी उचलणे, पोटमाळ्याची चढउतार, लांबच्या फेऱ्या यांतून त्याला सूट द्यावी. लघु आहारापासून क्रमाने नेहमीच्या आहाराकडे जाण्याचा जो उपदेश आपण रुग्णांना करतो, तोच क्रम कामालाही लावावा.

समारोप

या सर्व विवेचनाचे सार एका पानावर मावते. लक्षण दिसताच घरी थांबणे, सात दिवसांचा काळ, सवेतन रजा, बदली फार्मासिस्टचे नाव, किल्ली व शीतकपाट यांची जबाबदारी, धोक्याची लक्षणे आणि नावाची गुप्तता एवढ्या गोष्टी त्या पानावर लिहाव्यात. मालक व कर्मचारी दोघांनी त्यावर सही करावी आणि ते पान मागील खोलीत लावावे. वैद्यबंधू-भगिनींनी व औषधविक्रेत्यांनी पुढील साथीची वाट न पाहता हे काम याच तिमाहीत पूर्ण करावे, ही विनंती.